बुधाचे अधिक्रमण, ९ मे २०१६ : घरच्या दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणाच्या नोंदी

२० मार्च २०१६

येत्या ९ मे रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकणार आहे. याआधीचे बुधाचे अधिक्रमण ८ नोव्हेंबर २००६ रोजी झाले होते. शतकात अशी तेरा-चौदा अधिक्रमणे होतात, ती सध्याच्या काळात फक्त मे आणि नोव्हेंबर या महिन्यांतच येतात आणि त्यांतही मे महिन्यातली संख्येने कमी असतात. यानंतरचे मे महिन्यातले अधिक्रमण थेट २०४९ साली आहे. पृथ्वीच्या केंद्रासाठी काढलेल्या वेळा अशा आहेत : ११:१२ ला प्रथम स्पर्श (बुध सूर्याच्या कडेला बाहेरून टेकतो), ११:१५ ला द्वितीय स्पर्श (तो पूर्ण आत येतो), १४:५७ ला मध्य, १८:३९ ला तृतीय स्पर्श (तो दुसऱ्या कडेला आतून टेकतो) आणि १८:४२ ला चतुर्थ स्पर्श (तो पूर्ण बाहेर पडतो). या नोंदींतील सर्व वेळा जागतिक वेळेत दिल्या आहेत. भारतीय प्रमाणवेळ हवी असल्यास त्यांत साडेपाच तास मिळवावेत. म्हणजे प्रवेश सायंकाळी पावणेपाचच्या सुमारास होईल आणि बुध बिंबावर असतानाच सूर्य मावळेल. निर्गमन दिसणार नाही, म्हणून सगळी तयारी प्रवेशाच्या त्या तीन मिनिटांसाठी करायची आहे आणि नंतरचे दोन तास शांतपणे पाहण्यासाठी राखून ठेवायचे आहेत.

बुध त्या दिवशी १२ विकला व्यासाचा दिसेल आणि सूर्यबिंब १९०२ विकलांचे असेल (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). म्हणजे सूर्याच्या व्यासात १५८ बुध एकापुढे एक मावतील. २०१२ साली शुक्राच्या अधिक्रमणात शुक्र ५८ विकलांचा होता आणि ग्रहणाच्या चष्म्यातूनही नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसत होता. बुधाच्या बाबतीत ते शक्य नाही. दुर्बीण हवीच, आणि किमान पन्नास पट मोठे करणारी हवी.

हाताशी दोन दुर्बिणी आहेत. पहिली १५० मिलिमीटर आरशाची परावर्ती, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, मोटर बसवलेल्या विषुववृत्तीय मांडणीवर (जिचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि त्याभोवती फिरून दुर्बीण आकाशाच्या गतीबरोबर राहते). दुसरी ७० मिलिमीटर भिंगाची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची अपवर्ती. पहिलीवर सौर फिल्म लावून कॅमेऱ्याने प्रवेश टिपायचा आणि दुसरीने कागदावर प्रतिमा पाडायची, म्हणजे जमलेल्या सर्वांना एकाच वेळी पाहता येईल, असा बेत आहे.

२७ मार्च

परावर्ती दुर्बिणीसाठी फिल्टरची चौकट तयार केली. सौर फिल्म दोन प्रतींची मिळते. डोळ्यांनी पाहण्यासाठीची फिल्म सूर्यप्रकाशाचा एक लक्षांश भाग आत सोडते, तर केवळ छायाचित्रणासाठीची त्याच्या कितीतरी पट अधिक प्रकाश सोडते. दुसऱ्या प्रतीच्या फिल्ममधून डोळ्यांनी कधीही पाहू नये, आणि विकत घेताना दोन्हींमधला फरक पाकिटावर वाचूनच घ्यावा. नेत्रिकेच्या (डोळ्याजवळच्या भिंगनळीच्या) तोंडाशी स्क्रूने बसणारे जुने काळे फिल्टर कुणाकडे असतील तर ते मोडून टाकावेत, कारण ते आरशाने एकवटलेल्या उष्णतेच्या मार्गात बसतात आणि तडकतात. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच हवा.

जाड पुठ्ठ्याच्या दोन कड्या कापून त्यांच्यामध्ये फिल्म दुहेरी चिकटपट्टीने बसवली आणि त्याखाली नळीवर घट्ट बसणारी पुठ्ठ्याची आठ सेंटिमीटर खोल बाही जोडली. फिल्म सुरकुती न राहता तबल्याच्या पुडीसारखी ताणून बसवली आहे. पूर्ण दुपार यात गेली.

३ एप्रिल

ताणलेली फिल्म चालत नाही. सूर्याची कडा एका बाजूला दुहेरी दिसते, सौर डागांच्या गडद गाभ्याभोवती अस्पष्ट छटा येते, आणि फोकस कितीही फिरवला तरी एका दिशेची कडा स्पष्ट झाली की काटकोनातली दुसरी पुसट होते. आरशाचे संरेखन रात्री ताऱ्यावर तपासले तर ते ठीक होते; म्हणजे दोष फिल्मच्या ताणातच होता. ही फिल्म इतकी पातळ असते की सैल असताना पडणाऱ्या सुरकुत्यांनी प्रतिमा बिघडत नाही. एका दिशेने ओढ बसली की मात्र बिघडते.

फिल्म कड्यांतून सोडवताना चिकटपट्टीजवळ फाटली, त्यामुळे नवा तुकडा कापावा लागला. या वेळी सपाट टेबलावर मऊ कागद पसरून त्यावर फिल्म नुसती ठेवली आणि वरून पट्टी लावलेली कडी हलकेच टेकवली. फिल्म जिथे जशी होती तशीच चिकटली. आता ती किंचित लहरते, दिसायला वाईट दिसते, आणि प्रतिमा सुरेख आहे. शंभर पटीवर डागाच्या काळ्या गाभ्याभोवतीची करडी झालर वेगळी दिसली.

फाटलेल्या तुकड्याचा सुस्थितीतला भाग शोधक दुर्बिणीच्या (नेम धरण्यासाठी मुख्य नळीवर बसवलेल्या लहान दुर्बिणीच्या) टोपणासाठी वापरला. प्रत्येक वेळी चौकट लावण्याआधी ती प्रखर दिव्यासमोर धरून सूक्ष्म छिद्रे तपासायची, हा नियम आजपासून ठेवला आहे. बाही नळीवर घट्ट असली तरी वाऱ्याने उचलली जाऊ नये म्हणून तीन बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावणे आवश्यक आहे; निरीक्षण चालू असताना चौकट उडाली तर डोळा मिटायलाही वेळ मिळणार नाही.

१० एप्रिल

अपवर्ती दुर्बिणीने प्रक्षेपण, म्हणजे कागदावर प्रतिमा पाडणे. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने सूर्याची मूळ प्रतिमा साडेसहा मिलिमीटरची पडते. २० मिलिमीटरच्या नेत्रिकेपासून कागद ३० सेंटिमीटरवर धरला तर बिंब ९ सेंटिमीटरचे होते आणि त्यावर बुध जेमतेम ०.६ मिलिमीटरचा ठरतो. कागदाच्या पोतातच तो हरवेल. कागद ४८ सेंटिमीटरवर नेला तर बिंब १५ सेंटिमीटरचे आणि बुध सुमारे एक मिलिमीटरचा होतो. यापेक्षा मोठे केल्यास प्रतिमा इतकी फिकट होते की बाहेरच्या उजेडात डागही दिसत नाहीत.

पहिली अडचण उष्णतेची आली. नेहमीच्या वापरातल्या नेत्रिकेच्या आतली प्लास्टिकची कडी अर्ध्या तासाच्या प्रक्षेपणानंतर मऊ होऊन वाकली. चिकटवलेल्या भिंगांच्या नेत्रिकांत तर भिंगांमधला डिंकही तापून खराब होऊ शकतो. म्हणून जुन्या दुर्बिणीबरोबर आलेली दोन सुट्या भिंगांची साधी हायगेन्स नेत्रिका वापरली. रात्रीच्या निरीक्षणासाठी ती अगदी सामान्य प्रतीची आहे, पण तिच्यात डिंक नाही आणि कडी धातूची आहे, त्यामुळे या कामाला तीच उत्तम. परावर्ती दुर्बिणीने मात्र प्रक्षेपण करू नये, कारण तिच्यातला लहान आरसा आणि त्याचा आधार उष्णता फार काळ सोसत नाहीत.

दुसरी अडचण उजेडाची. कागदाभोवती तीन बाजूंनी बंद आणि आतून काळे रंगवलेले खोके बसवल्यावर प्रतिमा एकदम गडद झाली. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिसमध्ये पिएर गासेंदीने बुधाचे अधिक्रमण सर्वप्रथम पाहिले ते याच रीतीने, अंधाऱ्या खोलीत कागदावर प्रतिमा पाडून, आणि बुध इतका लहान असेल अशी अपेक्षा नसल्यामुळे सुरुवातीला त्याला तो सौर डागच वाटला. केप्लरने त्या अधिक्रमणाचे भाकीत केले होते, पण ते पाहायला तो हयात नव्हता. पुढे १६५१ मध्ये जेरेमाया शेकर्ली या इंग्रज निरीक्षकाने सुरतेहून बुधाचे अधिक्रमण पाहिले. आपल्या भूमीवरून दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांच्या इतिहासात त्याची जागा फार वरची आहे, आणि इथे या कामाला हात घालणाऱ्याने त्याचे नाव जरूर लक्षात ठेवावे असे मला वाटते.

१७ एप्रिल

दिवसा ध्रुवतारा दिसत नाही, त्यामुळे विषुववृत्तीय मांडणीचा अक्ष आदल्या रात्री जुळवून तिपाईच्या पायांखालच्या जागा जमिनीवर रंगाने आखून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. होकायंत्राने प्रयत्न केला तेव्हा तिपाईच्या पोलादामुळे सुई दर वेळी वेगळी दिशा दाखवत होती.

शोधक दुर्बिणीशिवाय सूर्य क्षेत्रात आणण्यासाठी नळीची सावली पाहावी. सावली सर्वांत लहान आणि गोल झाली की सूर्य क्षेत्रात असतो किंवा अगदी जवळ असतो. हे इतके चांगले जमते की शोधक दुर्बीण मी आता काढूनच ठेवली आहे. फिल्मचे टोपण असले तरी गर्दीत कुणी ते कुतूहलाने उघडेल ही धास्ती नको.

मोटर तारकीय वेगाने फिरते आणि सूर्य ताऱ्यांच्या मानाने दिवसाला सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकतो, त्यामुळे तासाला अडीच कलांची तफावत पडते. डोळ्यांनी पाहताना ती जाणवत नाही; कॅमेऱ्याच्या लहान चौकटीत मात्र जाणवेल. मोटरीला सौर वेग नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी हाताने दुरुस्ती करायची.

२४ एप्रिल

प्रत्यक्ष वेळेला, म्हणजे ११:१२ पासून सूर्यास्तापर्यंत, निवडलेल्या जागेवर रंगीत तालीम केली. जागा सिमेंटची आहे आणि तिच्यावरून उठणाऱ्या उष्ण हवेने सूर्याची कडा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. दहा पावलांवरच्या गवतावर दुर्बीण नेली तर थरथर निम्म्याने कमी झाली. जागा बदलली.

या बदलामुळे एक गोष्ट तपासावी लागली. आज सूर्य पश्चिमेच्या झाडाच्या डावीकडून स्वच्छ मावळला, परंतु आजची त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) उत्तर १३ अंश आहे आणि ९ मे रोजी ती १७ अंशांहून अधिक असेल. म्हणजे मावळतीचा बिंदू चार-पाच अंश उत्तरेकडे सरकेल आणि शेवटचा अर्धा तास त्याच झाडाआड जाईल. जागा दक्षिणेकडे आठ मीटर सरकवल्यावर झाडाची फांदी वाटेतून गेली. आजचा सूर्यास्त पाहून जागा पक्की करणाऱ्यांनी हा फरक आधीच मोजून घ्यावा.

संगणकाचा पडदा उन्हात अजिबात वाचता येत नाही. काळ्या कापडाचा मोठा तुकडा डोक्यावरून घेतला तरच फोकस करता येतो, आणि त्या कापडाखाली संगणक आणि निरीक्षक दोघेही तापतात.

१ मे

आजचे काम सर्वांत महत्त्वाचे होते, म्हणून ते सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याच्या संवेदकावर १२८० गुणिले ९६० बिंदू (पिक्सेल) आहेत आणि प्रत्येक बिंदू ३.७५ मायक्रॉनचा आहे. १२०० मिलिमीटर नाभीय अंतरावर एका बिंदूत ०.६४ विकला मावतात, बुध सुमारे १९ बिंदूंचा होतो आणि पूर्ण चौकट १४ कला रुंद व १० कला उंच असते. सूर्यबिंब ३२ कलांचे आहे, त्यामुळे ते चौकटीत मावत नाही. त्यातच आज दिसून आले की सेकंदाला तीस चित्रांच्या वेगाने पूर्ण चौकट साठवताना मिनिटाला दोन गिगाबाइटहून अधिक माहिती तयार होते, संगणकाची जुनी डिस्क तेवढ्या वेगाने लिहू शकत नाही आणि मधलीच चित्रे गळतात. गळलेल्या चित्रांचा अर्थ वेळेची नोंद निरुपयोगी होणे. म्हणून चौकट ६४० गुणिले ४८० एवढी लहान केली. माहिती एकचतुर्थांश झाली आणि गळती थांबली. पण आता चौकट फक्त ७ कला रुंद आणि ५ कला उंच उरली आहे. सूर्याच्या शंभर कलांच्या परिघावर बुध नेमका कुठे शिरणार हे माहीत नसेल, तर इतक्या लहान खिडकीतून तो दिसणारच नाही.

गणिताप्रमाणे प्रथम स्पर्शाचा स्थितिकोन ८३ अंश आहे. हा कोन बिंबाच्या उत्तर बिंदूपासून पूर्वेकडे मोजतात. ९० अंश म्हणजे नेमका पूर्व बिंदू, त्यामुळे प्रवेश पूर्व बिंदूच्या ७ अंश उत्तरेला होणार.

इथे एक मोठा सापळा आहे. उपग्रहांनी घेतलेली सूर्याची रोजची चित्रे पाहून डागांच्या आधारे दिशा ठरवावी असा मोह होतो, आणि मीही तेच करून चौकट लावली होती. त्या चित्रांत वरची बाजू ही सूर्याच्या स्वतःच्या परिवलनाक्षाची उत्तर असते. आकाशाची उत्तर नव्हे. मे महिन्याच्या सुरुवातीला या दोन उत्तरांत सुमारे २३ अंशांचा फरक असतो. सूर्याचा अक्ष त्या काळात पश्चिमेकडे झुकलेला दिसतो, त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात प्रवेशाचा बिंदू डाव्या कडेच्या मध्याच्या वर न येता १६ अंश खाली येतो. कडेवर हे अंतर सहा कलांहून जास्त भरते, म्हणजे माझ्या चौकटीच्या उंचीपेक्षाही अधिक. स्थितिकोन आकाशाच्या उत्तरेपासून मोजलेला आहे की सूर्याच्या, हे पाहिल्याशिवाय कुठलाही आकडा वापरू नये.

दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते का, आरशातल्यासारखी दिसते का, कॅमेरा किती फिरलेला आहे, या सर्व प्रश्नांत न शिरता दिशा ठरवण्याची एक निर्धोक रीत आहे आणि ती कोणत्याही दुर्बिणीला लागू पडते. मोटर बंद करावी. सूर्य क्षेत्रातून सरकू लागतो आणि बिंबाची जी कडा सर्वांत शेवटी बाहेर जाते ती पूर्व कडा. मग नळी हलकेच ध्रुवताऱ्याच्या दिशेने ढकलावी. या वेळी जी कडा शेवटी बाहेर जाते ती उत्तर कडा. एवढ्यावर आकाशाच्या दिशा पक्क्या होतात.

कॅमेरा अशा कोनात फिरवला की मोटर बंद असताना डाग चौकटीच्या लांब बाजूला समांतर सरकावा. डाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना जितके बिंदू वर-खाली होतो तितका कोन चुकलेला असतो. तो हळूहळू कमी करत आणला. आता पूर्व बिंदू चौकटीच्या मध्यावर ठेवला तर प्रवेशाची जागा त्याच्या उत्तरेला ११६ विकला, म्हणजे १८० बिंदूंवर येते. मध्यापासून चौकटीची कडा २४० बिंदूंवर आहे. जागा आत असली तरी फार कडेला आहे, म्हणून नळी किंचित उत्तरेकडे नेऊन ती जागा मध्यावर आणायची. पडद्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून ती जागा खुणावली. कॅमेऱ्याच्या आणि फोकसरच्या नळीवर आडवी रेघ मारली आहे, म्हणजे कॅमेरा काढून परत बसवला तरी कोन तोच राहील.

प्रक्षेपणाच्या कागदावर १५ सेंटिमीटरचे वर्तुळ काढून त्यावर अंश आखले आणि ८३ अंशांवर लाल बाण काढला. अपवर्ती दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला की प्रतिमा आरशातल्यासारखी होते, तेव्हा हे वर्तुळही मोटर बंद करून त्याच रीतीने जुळवायचे आहे.

५ मे

वेळ. संगणकाचे घड्याळ एका दिवसात जवळजवळ दोन सेकंद भटकते असे जीपीएसच्या घड्याळाशी ताडून दिसले. त्यावर विसंबण्याऐवजी सोपी युक्ती ठरवली आहे. चित्रण चालू असताना एकाने जीपीएसवरील सेकंद मोठ्याने मोजायचे आणि मिनिट पूर्ण होताच दुसऱ्याने पुठ्ठ्याने दुर्बिणीचे तोंड क्षणभर झाकायचे. चित्रणात तिथे काळी चित्रे येतात आणि त्यांवरून पुढच्या प्रत्येक चित्राची वेळ काढता येते. तालमीत ही रीत पाव सेकंदाच्या आत बरोबर आली, आणि या कामाला तेवढे पुरते.

पृथ्वीच्या केंद्रासाठी दिलेल्या वेळा आणि आपल्या ठिकाणच्या वेळा यांत दोन मिनिटांपर्यंतचा फरक पडू शकतो. मे महिन्यातला बुध आपल्यापासून सूर्याच्या निम्म्याहून थोड्याच अधिक अंतरावर असतो आणि निरीक्षकाची जागा बदलली की तो सूर्याच्या कडेसापेक्षा काही विकला सरकतो. म्हणून आपल्या अक्षांश-रेखांशांसाठी वेळा स्वतंत्रपणे काढाव्यात आणि चित्रण त्याआधी पाच मिनिटे सुरू करावे.

८ मे

रात्री अक्ष जुळवला, पायांच्या खुणा तपासल्या. आकाश स्वच्छ. फिल्म दिव्यासमोर धरून पाहिली, छिद्र नाही.

९ मे

०९:३०. दुर्बीण जागेवर. नळीभोवती पांढरे कापड गुंडाळले आहे, तरी आतली हवा तापू नये म्हणून निरीक्षण नसताना तोंड सावलीत वळवून ठेवतो. गवतावर पाणी शिंपडले.

१०:३५. बिंबावर डागांचे लहान गट आहेत, त्यामुळे फोकस करणे सोपे गेले. मोटर बंद करून डागाचा सरकण्याचा मार्ग पुन्हा पाहिला. चौकटीशी समांतर आहे. हवा मध्यम. पश्चिमेला पातळ तंतुमेघ आहेत; ते सूर्यावर आले की प्रतिमा किंचित मंद होते, पण कडा मात्र अधिक स्थिर दिसते.

१०:५८. वाऱ्याच्या झुळकेने कागदाचे खोके डोलू लागले आणि त्याबरोबर प्रतिमाही. खोके दुर्बिणीच्या नळीवरच टांगलेले होते, आणि हे तालमीत वारा नसल्यामुळे लक्षात आले नव्हते. खोके सोडवून वेगळ्या स्टँडवर ठेवले. आता प्रतिमा सरकली की स्टँडही सरकवावा लागतो, पण थरथर गेली.

११:०७. चित्रण सुरू. मिनिट पूर्ण होताच पुठ्ठ्याची खूण केली. प्रवेशाची जागा पडद्यावरच्या खुणेखाली आहे.

११:१३. खाच दिसली! चिकटपट्टीच्या खुणेपासून अवघ्या बोटभर अंतरावर, सूर्याच्या कडेला चिमटीत घेतल्यासारखी काळी खाच. आमच्या ठिकाणासाठी काढलेल्या प्रथम स्पर्शाच्या वेळेनंतर सुमारे चाळीस सेकंद होऊन गेले होते. एवढ्या वेळात बुधाचा पाचवा हिस्सा आत आलेला असतो. त्याहून आधी कडेच्या थरथरीतून खाच ओळखणे या हवेत शक्य नव्हते. कागदावर ती मिनिटभर उशिरा ओळखता आली, आणि तीही लाल बाणाशी डोळे लावून बसलेल्यांनाच.

११:१५. बुध जवळजवळ पूर्ण आत. बुधाची काळी चकती आणि बाहेरचे काळे आकाश यांच्यामध्ये काही सेकंद गडद बंध टिकून होता, थेंब सुटण्याआधी लांबावा तसा. मग तो विरला आणि प्रकाशाची बारीक रेघ पलीकडून जुळली. तो क्षण नेमका कोणता, यावर आम्हा दोन निरीक्षकांच्या नोंदींत सात सेकंदांचे अंतर आहे. हा काळ्या थेंबाचा परिणाम. १९९९ च्या अधिक्रमणात वातावरणाबाहेरच्या ट्रेस उपग्रहाच्या चित्रांतही तो आढळला होता, म्हणजे त्याचे खापर केवळ हवेवर फोडता येत नाही. दुर्बिणीची स्वतःची मर्यादित स्पष्टता आणि कडेजवळ झपाट्याने मंदावणारे सूर्यबिंब ही त्याची कारणे आहेत.

११:४०. कॅमेरा काढून नेत्रिका लावली. १२० पटीवर बुध पाहताना मन भरून आले. डाग तपकिरी-करडे आणि कडेने विस्कटलेले दिसतात. बुध मात्र पूर्ण काळा, पूर्ण गोल आणि कोरीव आहे. ज्यांनी आधी डाग पाहिला आणि मग बुध, त्यांना दोन्हींतला फरक सांगावा लागला नाही. मागे उभ्या असलेल्यांना पाहता यावे म्हणून एकेकाला वीस सेकंदांहून अधिक वेळ देता येत नव्हता, याची रुखरुख वाटते.

१२:१५. बुध कडेपासून पावणेचार कला आत आला आहे. मिनिटाला चार विकला, म्हणजे स्वतःच्या व्यासाइतके अंतर तीन मिनिटांत, असा त्याचा वेग आहे. जवळच्या डागाशी त्याचे अंतर बदलताना कागदावर पाच-सहा मिनिटांतच जाणवते, म्हणून कागदावर दर दहा मिनिटांनी पेन्सिलीने ठिपका देत आहोत.

१२:५०. सूर्य खाली येत असल्याने हवा बिघडली. ६० पटीच्या वर काही मिळत नाही.

१३:१५. कागदावरचा बुध आता दिसेनासा झाला. परावर्तीतून कडा लाटांसारखी हलत असली तरी काळा ठिपका अजून आहे. तो पाहत असतानाच सूर्य क्षितिजावरच्या धुळीत मंद झाला. झाडाची फांदी वाटेत आली नाही. शेवटपर्यंत फिल्टर काढला नाही. मावळता सूर्य डोळ्यांना सौम्य वाटला तरी दुर्बिणीतून तो धोक्याचाच असतो.

१२ मे

चित्रण उलगडले. प्रवेशाच्या दहा मिनिटांत एकही चित्र गळलेले नाही. पुठ्ठ्याच्या खुणांवरून वेळ लावली आणि खाचेची खोली चित्रागणिक मोजली. कडेवर खाच नेमकी कधी उमटली हे ठरवण्यापेक्षा तिची खोली वेळेबरोबर कशी वाढते याची रेषा काढून ती मागे शून्यापर्यंत नेणे अधिक विश्वसनीय ठरले. अशा रीतीने काढलेला प्रथम स्पर्श गणिताच्या वेळेपासून सहा सेकंदांत आला, तर डोळ्यांनी केलेली नोंद चाळीस सेकंदांनी मागे होती. खाचेच्या जागेवरून स्थितिकोन ८३ अंशांपासून अर्ध्या अंशाच्या आत मिळाला.

सर्वांत चांगले चित्र प्रवेशाचे नसून ११:२० चे आहे, जेव्हा तंतुमेघ सूर्यावर होते आणि हवा काही सेकंद थांबली होती. दोनशे निवडक चित्रे एकत्र केल्यावर बुधाची कडा स्वच्छ आली.

कागदावरचे ठिपके जोडले तर रेषा सरळ येत नाही. स्टँड सरकवताना दर वेळी वर्तुळ किंचित फिरले होते. पुढच्या वेळी खोक्यालाच दोन पायांचा आधार द्यायचा आणि वर्तुळ डागांशी जुळवून मगच ठिपका द्यायचा.

२९ मे

यापुढची बुधाची अधिक्रमणे ११ नोव्हेंबर २०१९ आणि १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहेत. २०१९ चे भारतातून दिसणार नाही, कारण ते सुरू होईल तेव्हा येथे सूर्य मावळलेला असेल. २०३२ चे दुपारपासून पूर्ण दिसेल. नोव्हेंबरमधला बुध १० विकलांचाच असतो, त्यामुळे १५ सेंटिमीटरच्या कागदी बिंबावर तो ०.८ मिलिमीटरचा होईल. प्रक्षेपणासाठी २० सेंटिमीटरचे बिंब आणि अधिक खोल, अधिक काळे खोके लागेल. प्रवेशाचा स्थितिकोन निराळा असेल आणि सूर्याच्या अक्षाचा कल नोव्हेंबरमध्ये विरुद्ध बाजूला, म्हणजे पूर्वेकडे असेल. चौकटीवरची आणि कागदावरची ८३ अंशांची खूण म्हणून आज खोडून टाकली. वर्तुळ, अंशांच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या कोनाची रेघ तेवढी ठेवली आहे. फिल्म पाकिटात सपाट ठेवली असली तरी इतक्या वर्षांनी ती वापरायची नाही. नवी आणून सैल बसवायची.